धानोऱ्यात आठ मीटर खोल पाणी

छताखाली खोल तलाव बांधून त्यात स्कूबा डायव्हिंगचं पार्क काढायचं, तर ते आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यात चालेल का? ऐकणारा आधी हसेल. समुद्र लांब, आणि उन्हाळ्यात हंड्याहंड्याची मोजदाद करणारा हा भाग! पण हसून प्रश्न निकालात निघत नाही. पाटबंधाऱ्याच्या कामांवर उमेदीची वर्षं घालवलेला स्थापत्य अभियंता म्हणून मी तो हिशेबानं तपासणार आहे.

असे तलाव जगात आहेत. ब्रसेल्सचा 'निमो ३३' २००४ मध्ये सुरू झाला. तो साडेचौतीस मीटर खोल आहे. दुबईत २०२१ मध्ये उघडलेल्या तलावाची खोली ६० मीटर आणि पाणी १ कोटी ४० लाख लिटर. आपल्याला एवढं नको. सिंधुदुर्गात तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळानं स्कूबा संस्था उभारली, तेव्हा प्रशिक्षणासाठी ८ मीटर खोल तलाव बांधला. समुद्र दाराशी असताना तलाव कशाला? तर नवशिक्याला आधी तळ दिसेल अशा संथ पाण्यात उतरवावं लागतं म्हणून. तेच माप आपण धरू.

दहा मीटर लांब, दहा रुंद, आठ खोल. म्हणजे ८०० घनमीटर, ८ लाख लिटर. दहा हजार लिटरचे ८० टँकर! माणशी रोज ५५ लिटर धरलं, तर साडेचौदा हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी. आकडा अंगावर येतो. पण हे पाणी रोज ओतायचं नसतं. एकदा भरलं की तेच गाळून, क्लोरीन घालून फिरवत राहायचं. शिवाय छत आहे. दीड हजार चौरस मीटर पत्रा आणि ६०० मिलिमीटर पाऊस धरा. पाचवा हिस्सा वाया गेला तरी सात लाख वीस हजार लिटर पागोळ्यांतून मिळतं. गावाच्या विहिरीला हात लावायची गरज नाही. तशी अटच घालावी.

जमिनीचं काय? तापी खोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. ती काढून मुरूम-खडकावर पाया न्यावा लागेल. आठ मीटर पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीवर ३२ टन रेटा देतं. आणि लोकांना उलटं वाटेल, पण भरलेल्या टाकीइतकंच रिकाम्या टाकीला जपावं लागतं. भर पावसाळ्यात तलाव उपसला आणि भुईतलं पाणी वर आलं, तर ते अख्खी टाकी होडीसारखी उचलू पाहतं.

जिवाचा प्रश्न त्याहून मोठा. आठ मीटर खाली घेतलेला श्वास कोंडून कुणी वर आला, तर छातीतली हवा जवळपास पावणेदोन पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. तलाव छताखाली आहे म्हणून हा नियम सैल होत नाही. तेव्हा जाणते प्रशिक्षक, सिलिंडरमध्ये शुद्ध हवा भरणारा कंप्रेसर आणि उतरणाऱ्याची वैद्यकीय तपासणी यांत काटकसर चालणार नाही.

इथंच पार्कचं गणित अडतं. पंप, वीज, पगार हा खर्च गिऱ्हाईक येवो न येवो, चालूच राहतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला गर्दी लोटते, प्रकाशाला भाविक येतात, तोरणमाळला पर्यटक चढतात. पण ती गर्दी हंगामी, आणि खिसा बेताचा. तिच्या भरवशावर वर्षभराचं बिल निघेल असं मला वाटत नाही. करमणुकीचं पार्क म्हणून माझं उत्तर 'नाही' असंच आहे.

तरीही मी कागद फाडून टाकणार नाही. आपला जिल्हा कोरडा म्हणतात. पण सरदार सरोवराच्या पाण्यानं अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. तिथल्या कित्येक पाड्यांना बोटीशिवाय वाट नाही, दवाखानासुद्धा बोटीनं येतो. २०१९ च्या मकरसंक्रांतीला धडगाव तालुक्यात भुषा इथं नर्मदेत बोट उलटली आणि माणसं दगावली. ज्या जिल्ह्यात पाणी असं अंगणात आलं आहे, तिथं पोहायला शिकवणारा, बुडणाऱ्याला काढणारे पाणबुडे तयार करणारा एकही तलाव असू नये का?

म्हणून माझी सूचना अशी: आधी दीड मीटरचा साधा तलाव बांधा, आश्रमशाळांच्या मुलामुलींना पोहणं शिकवा. शेजारी आठ मीटरच्या खड्ड्याची जागा राखून ठेवा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनानं बचाव पथकाच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलायची लेखी हमी दिली, तरच तो खणा. सुट्टीच्या दिवशी हौशी मंडळी पैसे देऊन उतरली, तर तो वरकड फायदा समजावा. तिकीट विकण्यासाठी खणलेला खड्डा पाच वर्षांत कोरडा पडेल. पोहायला शिकलेलं पोर मात्र जन्मभर पाण्यावर राहील.