न सांगण्याजोगे दुखणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणावरून)



चिटणीसबाईंनी या भाषणाची सूचना फलकावर लावली तेव्हा विषय ‘पोटाचे विकार’ असा लिहिला. त्यांचा संकोच मी समजू शकते. पण मला बोलावयाचे आहे ते शौचाच्या वेळी पडणाऱ्या रक्ताविषयी. इथे आपण बायकाच आहोत, तेव्हा तोंडाला पदर लावण्याचे कारण नाही.

शौचाला गेल्यावर लालभडक थेंब दिसतात, जीव घाबरतो, आणि मग ‘उष्णता झाली असेल’ असे म्हणून आपण सब्जाचे बी भिजत घालतो. रक्त थांबते, आपण विसरतो. चार महिन्यांनी ते पुन्हा दिसते. यजमानांना सांगवत नाही, सासूबाईंना सांगावे तर त्याची चर्चा घरभर होणार, आणि डॉक्टर पुरुष असले तर बोलायलाच नको! माझ्याकडे अशा बायका येतात त्या बहुधा दुसऱ्याच तक्रारीसाठी. एक बाई जिना चढताना धाप लागते म्हणून आल्या. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर आत पांढरीफटक. हिमोग्लोबिन भरले साडेसहा. बाईमाणसाला ते निदान 12 तरी हवे. पाळीची तक्रार नाही, खाणे-पिणे बरे, मग रक्त जाते कुठे? खोदून खोदून विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाल्या, “दीड वर्ष झाले, रोज थोडे पडते. त्यात काय सांगायचे?” दुर्बिणीने आतडे पाहून घेतले. दुसरे काही नव्हते, साधी मूळव्याध होती. पण रोजचे चमचाभर रक्त दीड वर्ष जात राहिले, तर अंगात उरणार काय? 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी शेकडा 57 जणींना रक्तक्षय आढळला. आधीच उणे, त्यातून ही गळती.

आपण या सगळ्याला सरसकट मूळव्याध म्हणतो. वस्तुतः नेहमी आढळणारी कारणे दोन. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. कुंथून कुंथून त्या फुगतात व खाली सरकतात, ती मूळव्याध. गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर हा त्रास पुष्कळजणींना होतो. आतल्या मूळव्याधीचे रक्त बहुधा न दुखता पडते. दुसरे कारण म्हणजे चीर, डॉक्टर जिला फिशर म्हणतात. खडा होऊन कडेची नाजूक त्वचा फाटते. काचेने कापल्यासारखी वेदना होते, शौचानंतर तासभर ठणका राहतो, आणि त्या धास्तीने बाई दुसऱ्या दिवशी जाण्याचेच टाळते. मग खडा आणखी घट्ट होतो आणि चीर पुन्हा उलते.

मूळ आहे ते बद्धकोष्ठात, आणि ते येते आपल्या दिनक्रमातून. सकाळी पाणी येण्याची वेळ, मुलांचे डबे, कोणाची आंघोळ, कोणाचा चहा. यात घरातल्या बाईची शौचाची वेळ सर्वांत शेवटी! तोवर वेग मरून जातो. बाहेर जावयाचे तर स्वच्छ सोय नसते, म्हणून आपण पाणीच पीत नाही. त्यातून उपवास. उपवासाला माझा विरोध नाही, पण साबुदाण्याच्या खिचडीत चोथा जवळजवळ नसतोच. रताळे, राजगिरा, एखादे फळ घेतले तर उपवासही मोडत नाही आणि पोटही साफ राहते.

एरवी ज्वारी-बाजरीची भाकरी, न चाळलेल्या पिठाची पोळी, मेथी, शेपू, तांदुळजा, मोडाची मटकी, पेरू यांनी निम्मे काम होते. तेवढ्याने भागले नाही तर रात्री एक-दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यातून घ्यावे. पाणी कमी पडले तर तेच घट्ट होऊन बसते. वेग आला की हातातले काम टाकून उठावे. पाच मिनिटांवर बसू नये, कुंथू नये. मोबाईल बाहेर ठेवावा. उंच भांडे असेल तर पायांखाली पाट घ्यावा. चीर असो वा मूळव्याध, पसरट टबात सोसेल इतके कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटे बसल्याने फार आराम पडतो. त्यात जंतुनाशक औषध घालू नये, ते झोंबते. नवी चीर एवढ्यावर काही आठवड्यांत बहुधा भरून येते. मिरचीने मूळव्याध होत नाही, पण चीर असताना तिचा ठेचा खाणे म्हणजे हट्टच!

सुश्रुतांनी अर्शावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत; म्हणजे हे दुखणे किती जुने ते पाहा. त्यांत पहिले औषध आहे. ‘एका दिवसात मूळव्याध बरी’ अशा पाट्या लावणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. तिथे जळजळीत काहीतरी टोचून घेऊन मार्ग अरुंद करून बसलेल्या रुग्णा मी पाहिल्या आहेत.

परंतु मूळव्याध असलेल्या बाईला दुसरा रोग होतच नाही असे थोडेच आहे? पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदा रक्त दिसले, ते शौचात मिसळलेले किंवा काळपट असले, बरोबर आव पडू लागली, पोटाची नेहमीची सवय काही आठवडे बदललेली राहिली, वजन उतरू लागले, किंवा आईवडील-भावंडांत कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असला, तर इसबगोलावर थांबू नये. आतड्याचा कर्करोग लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. डांबरासारखे काळे, चिकट शौच झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, आणि बीट खाल्ल्याने लाल. तेही आठवून पाहावे. रक्त थांबेना किंवा घेरी येऊ लागली तर घरातली कामे तशीच सोडून सरळ रुग्णालयात जावे. पाळी थांबलेल्या बाईने आणखी एक पाहावे. रक्त मागून आले की पुढून? पाळी गेल्यानंतर पुढून थेंबभर रक्त आले तरी ते दाखवलेच पाहिजे.

तपासणीची भीती फार असते. कुशीवर निजून गुडघे पोटाशी घ्यावयाचे. अंगावर चादर असते. डॉक्टर आधी नुसते पाहतात, मग बोटाने आणि लहानशा नळीने तपासतात. पाच मिनिटांचे काम. चीर फार दुखरी असेल तर बोटाची तपासणी पुढे ढकलतात. स्त्री डॉक्टर हवी असे निःसंकोच सांगावे. बहिणीला, मैत्रिणीला आत बरोबर न्यावे. रक्त केव्हापासून, कसे, किती पडते हे कागदावर लिहून नेले म्हणजे तोंडाने फार बोलावे लागत नाही. चालू असलेल्या गोळ्याही पिशवीत घालून न्याव्यात, विशेषतः अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या असतील तर. पण त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.