घसाऱ्याचा पैसा



आज बजेटावर बोलायचं आहे. बजेट म्हटलं की आपल्यातले निम्मे लोक चहाला उठतात. हे आकड्यांचं काम शिकलेल्यांचं, आपण चौथी पास, आपल्याला त्यातलं काय कळणार, असं आपणच म्हणतो. पण बोनसच्या वेळी मालकाचा ताळेबंद आपण वाचतोच की नाही? नफा कुठं दडवला, खर्च कुठं फुगवला, ते आपल्याला बरोबर सापडतं. मग ज्या आगगाडीनं पाळीवर जायचं, ज्या पुलावरून रोज उतरायचं, त्या रेल्वेचा जमाखर्च आपण का वाचू नये?

मालकाच्या ताळेबंदात एक ओळ असते, तिचं नाव घसारा. साचा आज नवा आहे, वीस वर्षांनी खिळखिळा होणार. म्हणून दरसाल थोडा पैसा बाजूला काढायचा आणि वेळ आली की त्यातून नवा साचा आणायचा. मुंबईच्या कित्येक गिरण्यांत या पैशाचं काय झालं ते आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. घसारा वहीत लिहिला, पैसा दुसऱ्या धंद्यात गेला, साचे आजोबांच्या काळातलेच राहिले. मग एके दिवशी मालक म्हणाला, गिरणी तोट्यात आहे. १८ जानेवारी १९८२ च्या संपावर सगळं खापर फोडणाऱ्यांनी त्या साच्यांची वयं एकदा तरी विचारायला हवी होती.

आता हीच ओळ रेल्वेच्या वहीत बघा. तिथंही घसारा निधी आहे. रूळ झिजतात, पूल जुने होतात, सिग्नलच्या तारा कुजतात, त्यांच्या बदलीचा हा पैसा. २०१४-१५ साली या निधीत साडेसात हजार कोटींच्या वर रुपये टाकले होते. २०१८-१९ पासून तिथं वर्षाला काही शे कोटी पडू लागले. काही शे कोटी! एवढ्या मोठ्या देशाच्या रेल्वेला! आणि आयुष्य संपलेली जी मालमत्ता बदलायची राहून गेली, तिची किंमत सरकारच्याच हिशेब तपासनिसांनी, म्हणजे महालेखापरीक्षकांनी, सुमारे ९५ हजार कोटी रुपये काढली. हा विरोधी पक्षाचा आरोप नाही. सरकारी तपासनिसाचा शेरा आहे.

यावर सरकारचं उत्तर तयार असतं. म्हणतात, आम्ही सुरक्षेसाठी वेगळी पेटी केली. खरं आहे, केली. २०१७-१८ च्या बजेटात राष्ट्रीय रेल संरक्षा कोष काढला. पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये, म्हणजे वर्षाला २० हजार कोटी. त्यातले १५ हजार कोटी सरकारी तिजोरीतून आणि ५ हजार कोटी रेल्वेनं आपल्या कमाईतून घालायचे. हा आकडाही सरकारनं आपण होऊन काढलेला नव्हता. डॉ. अनिल काकोडकरांच्या समितीनं २०१२ सालीच सांगितलं होतं की सुरक्षेला पाच वर्षांत एक लाख कोटी लागतील. सांगितल्यावर पाच वर्षं त्या कागदावर धूळ बसली.

बरं, पेटी झाली. पुढं काय? महालेखापरीक्षकांनी २०२२ साली गाड्या रुळांवरून घसरण्याच्या अपघातांवर एक अहवाल दिला. त्यात लिहिलंय की रेल्वेनं आपल्या वाट्याचे ५ हजार कोटी एकाही वर्षी पूर्ण भरले नाहीत. आणि जो पैसा आला त्यातून काय काय घेतलं? थंडीची जाकिटं, कपबश्या, फर्निचर, आणि पाय चेपायची यंत्रं. हसू नका. रूळ तपासत उन्हातान्हात मैलोन् मैल चालतो तो गँगमन, आणि पाय चेपून घेतले दुसऱ्याच कोणी तरी.

आपण मजूर माणसं, पण न्यायानं बोललं पाहिजे. गाड्यांचे मोठे अपघात कमी झाले आहेत. रेल्वेच्या मोजणीनं २०१४-१५ साली ते १३५ होते, २०२३-२४ साली ४० झाले. मोठ्या रुळांच्या मार्गांवर जिथं फाटकाला माणूस नव्हता, अशी सगळी फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत बंद केली, किंवा तिथं माणूस दिला, नाही तर पूल बांधला. किती बैलगाड्या, किती ट्रॅक्टर, किती शाळेच्या मुलांच्या गाड्या त्या फाटकांवर चिरडल्या गेल्या होत्या! पैसा वेळेवर दिला आणि तारीख ठरवली की काम होतं, याचा हा पुरावा सरकारनंच दिला आहे.

पण त्या ४० मध्ये लोकलच्या दारातून पडलेला माणूस येत नाही. रूळ ओलांडताना मेलेली बाई येत नाही. रेल्वेच्या वहीत तो अपघात नव्हेच, तो त्या माणसाचा गुन्हा. काकोडकर समितीनं मात्र तोही हिशेब मांडला होता. रुळांवर देशभर वर्षाला सुमारे १५ हजार माणसं मरत होती आणि त्यांतली सुमारे ६ हजार एकट्या मुंबईच्या लोकलवर. समितीनं त्याला कत्तलच म्हटलं. आज तो मुंबईचा आकडा खाली आला आहे, तरी दरसाल दोन हजारांच्या वर आहे. एखाद्या गिरणीत वर्षाला दोन हजार माणसं मेली असती तर त्या गिरणीचा भोंगा पुन्हा वाजू दिला असता का आपण?

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन भरलेल्या लोकल एकमेकींशेजारून गेल्या आणि दाराला लटकलेली माणसं खाली पडली. चार जण त्याच दिवशी गेले. त्यानंतर लगेच जाहीर झालं की नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं बसवू. दारं हवीतच. पण माणूस दाराला हौसेनं लटकत नाही. आत जागा नाही म्हणून लटकतो, आणि पुढची गाडी धरली तर हजेरी चुकते म्हणून लटकतो.

आता एल्फिन्स्टन रोडचं सांगतो, कारण ते आपल्या गिरणगावातलं. गिरण्या होत्या तेव्हा परळ-प्रभादेवीचे आपले लोक चाळीतून चालत कामावर जायचे. भोंगा झाला की पाच मिनिटांत खात्यात हजर. गिरण्या गेल्या, त्यांच्या जमिनींवर काचेचे मनोरे उठले. त्या मनोऱ्यांत झाडू मारणारा, फाइल उचलणारा, पहारा करणारा माणूस चाळीत राहत नाही. तो कल्याण-विरारहून येतो. म्हणजे जमिनीला सोन्याचा भाव आला, माणसांची गर्दी कितीतरी वाढली, आणि स्टेशनचा जिना राहिला तेवढाच. मनोऱ्याला परवानगी देताना जिन्याची रुंदी कोणी मोजली नाही.

रुंद पूल मागितला होता, मंजूरही झाला होता, पण तो कागदावर आणि निविदेत अडकला होता. २९ सप्टेंबर २०१७ ला, शुक्रवारी सकाळी, पाऊस आला, लोक पुलावर थांबले, मागून गर्दी रेटत राहिली आणि २३ माणसं चेंगरून मेली. त्याच्या बरोबर पंधरा दिवस आधी, १४ सप्टेंबरला, अहमदाबादेत बुलेट ट्रेनची पायाभरणी झाली होती. ५०८ किलोमीटर, त्या वेळचा अंदाज एक लाख आठ हजार कोटी, बहुतेक पैसा जपानच्या कर्जाचा, आणि महाराष्ट्राच्या तिजोरीचा वाटा ५ हजार कोटी.

कोणी म्हणेल, तुम्ही नव्या गाडीच्या विरुद्ध आहात. नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तीही नवीच होती. आमचं म्हणणं एवढंच की घरात नवी पंगत मांडण्याआधी आढ्याचं वासं बघा. आणि पैसा नव्हता, वेळ लागतो, हे तर सांगूच नका. माणसं मेल्यावर लष्कराला बोलावलं आणि फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस त्याच ठिकाणी नवा पूल उभा राहिला. पाच महिने!

कोकणातल्या आपल्या लोकांना हे नवं नाही. बोट आणि एसटी यांवर पिढ्या गेल्या, तेव्हा कुठं २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पुरी झाली. तिच्यासाठी महाराष्ट्रानंही भांडवल घातलं. पण डोंगर कापले त्या कडा नीट बांधायचं काम मागं राहिलं. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरड आली, गाडी घसरली, ५० हून अधिक माणसं गेली. मग उतार कमी केले, जाळ्या बसवल्या, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी केला. आधी माणसं, मग पैसा, हा क्रम झालाय.

माणसांचाही घसारा असतो बरं का. २०२४ साली रेल्वेनं माहितीच्या अधिकारात उत्तर दिलं की सुरक्षेच्या दहा लाख जागांपैकी दीड लाखाहून अधिक रिकाम्या आहेत. एका माणसानं चार साचे सांभाळायचे म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. २ जून २०२३ ला ओडिशात बालासोरजवळ तीन गाड्या एकमेकींवर चढल्या, २९० हून अधिक लोक मेले. चौकशीत निघाली ती सिग्नलच्या तारांच्या जोडणीतली चूक, आधीच्या कामात झालेली आणि कोणी न पकडलेली. ती पकडायला माणूस लागतो, त्याला झोप लागते, आणि त्याच्यावर दुसऱ्याचं काम लादलेलं नसावं लागतं.

पूर्वी रेल्वेचं बजेट वेगळं यायचं, १९२४ पासूनची ती रीत होती. २०१७ पासून ते मोठ्या बजेटात मिसळलं. पूर्वी निदान एक दिवस तरी देशात रेल्वेची चर्चा व्हायची. आता अर्थमंत्र्यांच्या भाषणात दोन-चार वाक्यं येतात. मात्र कामांची यादी अजून छापली जाते. तिला गुलाबी पुस्तक म्हणतात. तिच्यात प्रत्येक कामापुढं मंजूर किंमत आणि यंदाची रक्कम असते. काही कामांपुढं यंदाची रक्कम म्हणून एक हजार रुपये लिहिलेले सापडतील. कोटींचं काम आणि हजार रुपये! पुढारी ते काम मंजूर झालं म्हणून हार घालून घेतो.

२०२४-२५ साली रेल्वेच्या भांडवली कामांना केंद्राच्या बजेटातून २ लाख ५२ हजार कोटी दिले. रक्कम लहान नाही. म्हणून फेब्रुवारीत बजेट आलं की प्रत्येक खात्यातल्या दोघांनी मध्य आणि पश्चिम रेल्वेची ती यादी मिळवायची. आपल्या स्टेशनचा पूल, जिना, रुळांलगतची भिंत, किती मंजूर, यंदा किती, मागच्या साली खर्च किती, हे तीन आकडे वहीत उतरवायचे आणि खासदाराच्या घरी जाऊन विचारायचे. घसारा निधीत किती टाकले, संरक्षा कोषात रेल्वेनं आपला वाटा भरला का, हेही विचारायचं. रिकाम्या जागा भरायची तारीख मागायची. आणि मुंबईतल्या लोकलच्या कामांचा निम्मा खर्च महाराष्ट्र सरकार उचलतं, तेव्हा तोच प्रश्न आपल्या आमदारालाही. दिल्लीचं काम म्हणून त्याला हात वर करू देऊ नका.

वही आपल्याकडं तयार आहे. पहिली पानं आखून ठेवली आहेत, ज्यांना आपलं स्टेशन घ्यायचं असेल त्यांनी सभा संपल्यावर नाव आणि पाळी लिहून द्यावी.