नदीपलीकडची बाटली, अलीकडचा मुलगा



देवळीपासून वर्धा नदी फार दूर नाही. नदीच्या या तीरावर अनेक दशकांपासून दारूबंदी आहे. पैलतीरावरच्या यवतमाळ जिल्ह्यात परवान्याची दुकाने उघडी असतात. या फरकावर ज्यांचा धंदा चालतो, त्यांना माल इकडे आणणारे हात लागतात. शाळा सुटलेला, मोटारसायकल मिळाली की हुरळून जाणारा मुलगा त्यांना सर्वांत सोयीचा. एका फेरीचे पैसे आणि कापूस वेचण्याची दिवसभराची मजुरी यांची तुलना तो मनातल्या मनात करतो. म्हणूनच त्याला कोरडा उपदेश रुचत नाही. मग चौकातला अड्डा, मुलींची छेड, रात्रीची मारामारी आणि अखेर पोलीस ठाण्याच्या दप्तरात नाव, असा त्याचा प्रवास होतो.

गाव अशा मुलाला ‘टवाळखोर’ म्हणून मोकळे होते. कायद्याची दृष्टी मात्र निराळी आहे. 2015 च्या बाल न्याय अधिनियमातील कलम 78 नुसार 18 वर्षांखालील मुलाकडून दारू विकवून वा वाहवून घेणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याचा रोख पिशवी खांद्यावर देणाऱ्यावर आहे. गावाचा राग मात्र पिशवी उचलणाऱ्यावर निघतो आणि देणारा सुखाने झोपतो.

2016 मध्ये राज्याच्या दारूबंदी कायद्यात दुरुस्ती होऊन खेड्यांसाठी ग्रामरक्षक दलांची तरतूद झाली. त्यात तरुण हवेतच. परंतु दलाचे काम माहिती देण्याचे. धाड पोलिसांनी घालावयाची. लाठ्या घेऊन गल्लीबोळ पालथे घालणारे उत्साही तरुण उद्या स्वतःच गावाची डोकेदुखी होतात, हे वडीलधाऱ्यांनी वेळीच ओळखावे.

याहून अवघड आणि अधिक फलदायी वाट नागपुरात दिसली. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली पायाने उडवत रंगून गेलेली झोपडपट्टीतील मुले पाहिली आणि 2001 मध्ये ‘झोपडपट्टी फुटबॉल’ उभा राहिला. आधी चेंडू आला, सुधारणा मागाहून. व्यसन आणि भांडणांत अडकलेली मुले मैदानावर येऊ लागली. त्यांतील काही पुढे धाकट्यांचे प्रशिक्षक झाले. या कार्यावर आधारलेला ‘झुंड’ हा चित्रपट 2022 मध्ये आला. चित्रपट अनेकांनी पाहिला. पण मैदानावर वर्षानुवर्षे रोज उभे राहण्याचे काम पडद्यावर तीन तासांत मावत नाही.

देवळीला फुटबॉलच हवा असे नाही. ही कुस्तीची भूमी. 2014 ते 2024 या काळात वर्ध्याचे खासदार असलेले रामदास तडस हे इथलेच मल्ल. शेजारच्या अमरावतीत 1914 मध्ये रुजलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ शंभरी ओलांडून उभे आहे. आखाड्यात वस्तादाची नजर रोज असते. कालच्या पठ्ठ्याने आज धाकट्याला डाव शिकवावा, ही तिथली रीतच आहे. मुलाच्या अंगी जबाबदारी मुरते ती अशी.

सरकारी योजना नाहीत असे नव्हे. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून चालू आहे. विद्यार्थ्याने दोन वर्षांत 240 तास सेवा करावी, शिवाय सात दिवसांचे शिबिर. गावोगावची तळी आणि रस्ते या शिबिरांनी स्वच्छ केले, हे ऋण मान्यच. परंतु महाविद्यालयाची पायरी चढलेल्यांपर्यंतच तिचा हात पोहोचतो. आठवी-नववीत शाळा सोडलेला, नदी ओलांडून पिशवी आणणारा मुलगा तिच्या हजेरीपटावर नसतोच. त्याला गाठायचे तर चौकातच जावे लागेल, आणि तेही तक्रार घेऊन नव्हे, काम घेऊन. यात्रेतील पाणपोई, गणेशोत्सवातील रांग, आखाड्याची माती भिजवणे, मैदानावरचा दिवा लावणे. अशी कामे त्याच्या नावावर करावीत. पहिल्या महिन्यात तो दोनदा दांडी मारील. तिसऱ्यांदा बोलवायला कुणीतरी त्याच्या घरी गेले पाहिजे.

अड्डा दिवेलागणीनंतर भरतो. नेमक्या त्याच वेळी शाळांच्या मैदानांना कुलूप असते आणि किल्ली शिपायाच्या घरी खुंटीला टांगलेली असते.