थेट प्रक्षेपण : कट, की आणि रंग

दूरचित्रवाणीवरील थेट प्रक्षेपणात घडणारी घटना आणि घरातील पडदा यांच्यामध्ये तीन क्रिया अखंड चालू असतात : अनेक कॅमेऱ्यांपैकी एकाचे चित्र निवडणे, त्या चित्रावर दुसऱ्या चित्राचा काही भाग बसविणे आणि सर्व कॅमेऱ्यांच्या रंगांचा मेळ घालणे. या क्रियांना व्यवसायात स्विचिंग, कीइंग आणि कलर करेक्शन म्हणतात. नावे सहसा याच क्रमाने घेतली जातात. प्रत्यक्षात मात्र शेवटी येणारे कलर करेक्शनच सर्वांत आधी उरकावे लागते, कारण चित्रण संपल्यावर निवांत बसून रंग सुधारण्याची जी सवड चित्रपटाला असते, ती थेट प्रक्षेपणाला मिळत नाही.

भारतात दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झाले. तोपर्यंत दोन कॅमेऱ्यांच्या चित्रांत उजेड-अंधाराचा मेळ जमला की काम भागत असे. रंग आल्यावर एकाच वक्त्याचा चेहरा एका कॅमेऱ्यात पिवळट आणि दुसऱ्यात निळसर दिसू लागण्याची शक्यता निर्माण झाली. याचे मूळ प्रकाशात आहे. जुन्या टंगस्टनच्या दिव्याचा प्रकाश सुमारे ३२०० केल्व्हिन रंगतापमानाचा, म्हणजे पिवळसर असतो, तर भर दुपारच्या उन्हाचा सुमारे ५६०० केल्व्हिनचा, म्हणजे त्या मानाने निळसर असतो. माणसाचा डोळा हा फरक आपोआप सांभाळून घेतो, पण कॅमेऱ्याला पांढरे काय ते सांगावे लागते, आणि ते सांगण्याच्या क्रियेलाच व्हाइट बॅलन्स म्हणतात.

त्यापुढचे काम कॅमेरा कंट्रोल युनिटवर बसलेला तंत्रज्ञ करतो. चित्रातील सर्वांत गडद भागाची पातळी ठरविणारे पेडेस्टल, सर्वांत उजळ भागाची ठरविणारे गेन आणि मधल्या छटा वरखाली करणारा गॅमा ही त्याची मुख्य नियंत्रणे असतात. केवळ डोळ्यांवर विसंबणे धोक्याचे असल्याने त्याच्यासमोर दोन मापनयंत्रे असतात : वेव्हफॉर्म मॉनिटर चित्राच्या उजळपणाचा आलेख दाखवितो, तर व्हेक्टरस्कोपच्या वर्तुळावर रंगाची जात कोनावरून आणि त्याची तीव्रता केंद्रापासूनच्या अंतरावरून कळते. या वर्तुळावर माणसाची त्वचा, मग ती गोरी असो वा काळीसावळी, लाल आणि पिवळ्या यांच्या दरम्यानच्या जवळजवळ एकाच रेषेवर येते. फरक पडतो तो मुख्यतः उजळपणात. म्हणूनच सावळ्या चेहऱ्याला उगाच उजळ करून दाखविणे हे कलर करेक्शन नव्हे, ती त्या माणसाच्या चित्राशी केलेली लबाडी आहे. विसर्जन मिरवणुकीत मात्र चेहरे गुलालाने माखलेले असल्याने ही खूण निरुपयोगी ठरते आणि तंत्रज्ञाला एखादा पांढरा सदरा किंवा टोपी शोधावी लागते.

रंग जुळले की स्विचरचे काम सुरू होते. या यंत्रावर बटणांच्या दोन मुख्य ओळी असतात : प्रेक्षकांना या क्षणी दिसत असलेले चित्र प्रोग्रॅमच्या ओळीत आणि त्यानंतर येणारे चित्र प्रिव्ह्यूच्या ओळीत. दिग्दर्शक टॉकबॅक नावाच्या संवादयंत्रणेवरून ‘दोन तयार’ असे सांगतो तेव्हा दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्र प्रिव्ह्यूवर घेतले जाते, ‘टेक’ म्हणताच ते प्रोग्रॅमवर जाते आणि त्या कॅमेऱ्यावरचा टॅली नावाचा लाल दिवा लागतो. एका क्षणात होणाऱ्या या बदलास कट म्हणतात. टी-बार नावाचा दांडा ओढून एक चित्र दुसऱ्यात विरघळविले तर तो डिझॉल्व्ह, आणि एका चित्राने दुसऱ्याला पुसत पुढे सरकावे तो वाइप. सराईत हात बहुतेक वेळ कटवरच काम भागवितो, आणि तेच योग्य आहे. खेळात किंवा भाषणात वारंवार आलेले वाइप घटनेवरचे लक्ष यंत्राकडे वळवितात. कट स्वच्छ होण्यासाठी सर्व कॅमेऱ्यांची चौकट एकाच वेळी सुरू व्हावी लागते. भारतातील प्रचलित पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे प्रत्येकीला ४० मिलिसेकंद मिळत असल्याने, एका सामाईक संकेताने कॅमेऱ्यांना एका तालात बांधले जाते, आणि त्यास जेनलॉक म्हणतात.

की म्हणजे रांगोळीच्या छाप्यासारखी योजना : चित्राला कोठे भोक पडावे हे की ठरविते आणि त्या भोकातून जे दिसते त्याला फिल म्हणतात. उजळपणावरून भोक पाडणारी ती ल्युमा की, रंगावरून पाडणारी ती क्रोमा की. वक्त्याच्या नावाची पट्टी बहुधा डाउनस्ट्रीम कीवर ठेवतात. ही की स्विचरच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर असल्याने खाली कॅमेरे बदलत राहिले तरी पट्टी हलत नाही. क्रोमा कीसाठी हिरवा पडदा रूढ झाला, कारण त्वचेत हिरवा रंग प्रबळ नसतो आणि एचडी चित्राच्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के असल्याने त्याची माहिती अधिक स्वच्छ मिळते. मात्र पडद्यावरचा उजेड सगळीकडे सारखा नसेल तर कडा कुरतडल्यासारख्या दिसतात, आणि व्यक्ती पडद्याला फार जवळ उभी असेल तर हिरवी झाक तिच्या केसांवर व खांद्यांवर पडते, जिला स्पिल म्हणतात. महाराष्ट्रात आणखी एक अडचण ठरलेली : निवेदिकेच्या हातात हिरवा चुडा असेल तर मनगटाच्या जागी पडद्याऐवजी बसविलेले मागचे चित्र दिसू लागते, आणि गणपतीपुढच्या दूर्वांचीही तीच गत होते. अशा वेळी निळा पडदा घेणे हाच सरळ उपाय आहे.

छोटे स्विचर आता नाट्यसंस्था, महाविद्यालये आणि गणेशोत्सव मंडळे यांच्याही आवाक्यात आले आहेत. त्यांच्या कार्यकर्त्यांनी कार्यक्रमापूर्वी इतर काही करण्याआधी, वक्ता जेथे उभा राहणार त्याच जागी आणि त्याच दिव्यांखाली एक पांढरा कागद धरावा, सर्व कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स त्यावरच घ्यावा, आणि मगच स्विचरला हात लावावा.