भाग २३ : चार चिंचोके आणि एक खडू

(आजच्या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आज कुणी पाहुणा नाही. मी एकटाच बोलणार आहे, बदलापूरहून, खिडकी बंद करून. बाहेर पाऊस आहे, त्यामुळे मागे आवाज आला तर सांभाळून घ्या.

विषय साधा आहे : घरबसल्या, फारसा खर्च न करता मजा कशी करायची?

हे डोक्यात आलं ते ऑफिसमधल्या एका मित्रामुळे. तो अंबरनाथला राहतो. सोमवारी लोकलमध्ये म्हणाला, "अरे, शनिवारी चौघं पिक्चरला गेलो. रिक्षा, तिकिटं, पॉपकॉर्न, मग बाहेर जेवण. अडीच हजार गेले. आणि घरी येऊन सगळे आपापल्या मोबाइलवर." पैशांपेक्षा त्याला ते शेवटचं वाक्य जास्त लागलं होतं. मलाही लागलं. आपण आठवडाभर सीएसएमटीपर्यंत ६८ किलोमीटर जातो, तेवढेच परत येतो, आणि घरच्यांशी बोलणं काय, तर "जेवलास का?" आणि "दार लावून घे."

आता थोडं मागे जाऊ. २७ जुलै २०१९. बदलापूरकरांना तारीख सांगायला नको. उल्हास नदीला पूर आला होता आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती. हजाराच्या वर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं. आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण लाइट गेली ती गेलीच. दुपारपर्यंत मोबाइल मेले. मी कॉलेजात होतो तेव्हा. नेट नाही म्हणून घरभर येरझाऱ्या घालत होतो.

आई वैतागली. स्वयंपाकघरातून चार चिंचोके आणले आणि म्हणाली, "हे घास फरशीवर. एक बाजू पांढरी होईपर्यंत." तोवर तिने खडूने जमिनीवर पाच बाय पाचचा चौकोन आखला. चारही कडांच्या मधल्या घरात एकेक फुली, आणि एक फुली बरोबर मध्यभागी. चल्लस आठ! काही घरी याला अष्टा-चंग म्हणतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आमच्या घरचे नियम सांगतो. प्रत्येकाला चार सोंगट्या. सोंगट्या म्हणजे काहीही : बटणं, शेंगदाणे, फुटक्या बांगड्यांचे तुकडे. (शेंगदाणे घेऊ नका, बाबा खातात.) आपल्या कडेच्या फुलीपासून सुरुवात, बाहेरच्या घरांतून फेरी, मग आतल्या आठ घरांतून, आणि शेवटी मधल्या फुलीत. फुलीवर असलेली सोंगटी मारता येत नाही. आणि दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरायचं नाही. म्हणजे नुसतं सरळमार्गी राहून जिंकता येत नाही.

दान कसं मोजायचं? जितके चिंचोके पांढरे, तितकं दान. चारही काळे पडले तर आठ. चार किंवा आठ पडलं की पुन्हा टाकायचं.

आता इंजिनिअर आहे म्हटल्यावर हिशोब आलाच. चिंचोके नाण्यासारखे पडतात असं धरलं, तर १६ शक्यता होतात. एक पडायच्या ४, दोनच्या ६, तीनच्या ४, चारची १ आणि आठची १. सरासरी दान येतं अडीच. एका सोंगटीला मध्यात पोचायला २४ घरं, म्हणजे चार सोंगट्यांना ९६. भागून बघा, एकेकाला ३८-३९ वेळा टाकावं लागतं. चौघांचं मिळून दीडशेच्या आसपास, शिवाय मारामारी वेगळी. तास-दीड तास आरामात जातो. खर्च शून्य.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे, आणि तो सांगायला मला पाच-सहा वर्षं लागली.

२०२०. मार्चमध्ये लोकल बंद झाली. मी नोकरीला नवीन, घरातल्या टेबलावर लॅपटॉप. बाबा अंबरनाथ एमआयडीसीत एका कंपनीत होते. जूनमध्ये काम हळूहळू सुरू झालं, आणि बाबा रोज सकाळी डबा घेऊन स्कूटरने निघायचे, संध्याकाळी यायचे. एका रविवारी आम्ही खेळायला बसलो. बाबांनी चिंचोके हातात घेतले, टाकलेच नाहीत. खाली बघत म्हणाले, "मला आठ दिवस झाले, नको म्हणून सांगितलंय." आई म्हणाली, "मग जाता कुठे?" तर म्हणे, शिवमंदिराच्या बाजूला झाडाखाली बसतो.

कुणी काही बोललं नाही. मग आई म्हणाली, "टाका. तुमचा डाव आहे." बाबांनी टाकले. दोन पडले.

त्या रात्री आम्ही तिघांनी पहिल्यांदा घराचा हप्ता, माझा पगार, सगळं कागदावर मांडलं. मला अजून वाटतं, समोरासमोर खुर्च्या टाकून "बाबा, काय झालंय?" असं विचारलं असतं तर ते बोललेच नसते. हातात काहीतरी होतं, नजर फरशीवर होती, म्हणून जमलं. माझ्या मते हे खेळ स्वस्त आहेत म्हणून चांगले नाहीत. ते हळू चालतात आणि मध्ये बोलायला जागा ठेवतात, म्हणून चांगले आहेत. मोबाइलवरच्या लुडोत ती जागा नाही, तिथे घड्याळ चालू असतं.

आणखी दोन गोष्टी पटकन सांगतो.

एक, नाव-गाव-फळ-फूल. सगळ्यांना येतं. आम्ही त्यात एक रकाना वाढवलाय : मध्य रेल्वेचं स्टेशन. 'व' आला की मजा बघा : विठ्ठलवाडी, वांगणी, वाशिंद, विक्रोळी, विद्याविहार. 'अ'ला सगळे अंबरनाथ लिहितात आणि गुण निम्मे होतात, म्हणून हुशार माणूस आसनगाव लिहितो. या रकान्यात रोज अपडाउन करणारा माणूस पहिल्यांदाच मुलांना हरवतो.

दोन, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करा. उल्हासनगरला माझा एक सिंधी मित्र आहे. त्याच्या घरी गेलं की आधी पापड आणि पाणी, मग गप्पा. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत राहिली, १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं, हे आपण वाचलेलं असतं. पण "बराकीत चूल कुठे मांडली होती?" हे त्याने आजीला विचारलं आणि ती पाऊण तास बोलली. मोठे प्रश्न विचारू नका. चूल, शाळेची वाट, पहिला पगार, असलं विचारा. फोन मध्ये उपडा ठेवा आणि विसरून जा.

बाबांचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. वर्षभराने ओळखीतून दुसरीकडे काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी, पण घराजवळ. चिंचोके तेच आहेत, टीव्हीखालच्या डबीत. त्यातला एक जरा जास्त घासला गेलाय, तो सारखा पांढराच पडतो. आई म्हणते तो बदल, बाबा म्हणतात राहू दे.

तर या शनिवारी खेळून बघा. तुमच्या घरचे नियम वेगळे असतील तर मला जरूर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवेन. आता थांबतो, लाइट लुकलुकायला लागलीये.