रविवार कोणाचा?



रविवारी मुलाबाळांसह मोटारीने आपण कार्ल्याची लेणी पाहावयास जातो. हा रविवार आभाळातून पडलेला नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभेतून साप्ताहिक सुटीची मागणी केली. ती १८९० साली कामगारांच्या पदरात पडली.

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी अंमळ थांबा. त्याचे मुख धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने घडविले, असा ब्राह्मी लेख तेथे आहे. तो मुलांना दाखवा. कष्टकऱ्याचे नाव दगडावर सहसा राहत नाही.

मग खाली चहा आणून देणाऱ्या पोऱ्याला विचारा, 'बाबा रे, तुझी सुटी कोणत्या वारी?' त्याला उत्तर सुचले नाही, तर लोखंड्यांचे काम अजून आपल्याकडे बाकी आहे, असे समजा.