त्याला औषध म्हणू नका



आपल्या भातकुली तालुक्यात दोन शेतकरी बांधावर भेटले की एक दुसऱ्याला विचारतो, "पऱ्हाटीवर औषध मारलं का?" हा औषध शब्द मला खुपतो. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाच्या बाटलीवर लाल त्रिकोण असतो. अतिविषारी असा त्याचा अर्थ. आणि घरात बोलताना आपण औषध म्हणतो, मग ते फडताळातही औषधासारखंच ठेवतो.

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागलेली, त्यामुळे फवारा तोंडावर, छातीवर. त्यानंतर सरकारनं अमरावती, अकोल्यासह पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री ६० दिवस थांबवली. माणसं तोवर गेली होती. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस मारायला २००५ पासूनच मनाई होती. २०२३ मध्ये केंद्रानं त्याचं ३६ टक्के द्रावणच बंद करायचं ठरवलं, पण असलेला साठा मुदत संपेपर्यंत विकू दिला. म्हणून जुन्या बाटल्या आजही कोठ्यात, गोठ्यात सापडू शकतात. तुमच्याकडे असतील तर आज शोधा.

हे विष अळीच्या नसांवर घाव घालतं, आणि माणसाच्याही. घाम सुटतो, लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, हातपाय थरथरतात. कामकरी बाई-माणूस समजतात, ऊन लागलं. थांबू नका. अंगावरचे कपडे काढा, अंग धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. जाताना बाटली सोबत न्या. उतारा विषागणिक बदलतो, काहींना तर उताराच नाही, आणि नाव कळल्याशिवाय डॉक्टर तरी काय करतील?

आता पाण्याचं. आपण खारपाणपट्ट्यातले. विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे आपल्या बायांना कोणी सांगायला नको. विष तर साबणानंच निघतं. म्हणून फवारणीच्या दिवशी वावरात पंपाइतकंच गोड्या पाण्याचं एक पिंप पाहिजे. रोजीनं फवारणाऱ्या मजुराला ते मालकानं दिलंच पाहिजे, मजुरीतून न कापता. हातमोजे, चष्मा, तोंडावर मास्क, हेही त्यानंच द्यावं.

रिकाम्या डब्यात तेल, पाणी, काही भरू नका. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण खाऊन २३ लेकरं गेली. त्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होतं.

उद्या सकाळी पंप खांद्यावर घेण्याआधी वारा कुठल्या अंगानं वाहतो ते पाहा, आणि पाठ वाऱ्याकडे ठेवा.